तिच्या फोननं फक्त ‘फोटो’ म्हटलं

आज सकाळी फेसबुकवरच्या लेखकांच्या एका ग्रुपवर एक कमेंट वाचली आणि तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही. नव्यानं लिहायला लागलेल्या एका मुलीनं साधा प्रश्न विचारला होता. माझं लिखाण ओळखीच्या चाळीस-पन्नास जणांपलीकडे जातच नाही, हॅशटॅग कसे लावायचे, पोस्ट प्रोफाइलवर सगळ्यात वर पिन कशी करायची, कुणी सांगेल का? त्यावर एका ज्येष्ठ लेखकांचं उत्तर : “लेखकानं लिहावं, दुकान मांडू नये. कस असेल तर वाचक शोधत येतो.” त्याखाली लाइकांची रांग. तासाभरानं पाहिलं तर मुलीनं प्रश्नच काढून टाकला होता.

तिनं प्रश्न काढून टाकला, हे मला सगळ्यात जास्त लागलं.

सर, तुमच्या कथा वाचत मी मोठी झाले, आदर आहेच. पण तुमचा वाचक तुम्हाला शोधत आला, हे खरं नाही. तुमचं लिखाण निवडणारा एक संपादक होता. ते वेळेवर छापणारं मासिक होतं, ते टपालानं जागोजाग जात होतं. कुणीतरी परीक्षण लिहिलं. कुठल्यातरी ग्रंथपालानं तुमचं पुस्तक कपाटात नजरेच्या उंचीवर ठेवलं. एवढ्या माणसांनी तुम्हाला उचलून वाचकाच्या दारात नेलं आणि तुम्ही त्याला ‘आपोआप’ म्हणता? त्या मुलीकडे यातलं एकही माणूस नाही. तिच्याकडे एक फोन आहे आणि त्यात चार बटणं आहेत. तीही दाबू नकोस म्हणालात तर तिनं करायचं काय?

मला हे एवढं का झोंबलं ते सांगते. चार वर्षांपूर्वी मीही अशीच ताठ होते. हॅशटॅग बिशटॅग आपलं काम नाही, असं मान वर करून सांगायचे. तेव्हा माझं लिखाण नाव कापून लोक पुढे ढकलायचे, म्हणून मी सगळं फोटोत टाकायला लागले. छान रंगाची पार्श्वभूमी, वळणदार फॉन्ट, कोपऱ्यात माझं नाव. कॉपी करता येणार नाही, विषय संपला. आईला विस्मरण व्हायला लागल्यावर तिच्याबद्दल लिहिलेलं असंच सात कार्डांत टाकलं. ते खूप फिरलं. खाली शेकडो लोकांनी आपापल्या आईबद्दल लिहिलं.

तिसऱ्या दिवशी एका अनोळखी बाईंचा मेसेज आला. “ताई, तुमच्या पोस्टखाली सगळे रडल्याचं लिहितायत. मला दिसत नाही, फोन वाचून दाखवतो. कमेंट सगळ्या वाचल्या त्यानं. तुमच्या लिखाणावर आलं की नुसतं म्हणतो, फोटो, मजकूर असावा. काय लिहिलंय हो?”

काय लिहिलंय हो. मी बराच वेळ तो मेसेज बघत बसले होते. तिनं शेकडो लोकांचं रडणं ऐकलं होतं आणि ते कशावर रडतायत हे तिला माहीत नव्हतं. चोर बाहेर ठेवायला मी दार लावलं होतं, आणि त्याच दाराबाहेर ती उभी होती.

(कार्डांनी चोरी थांबली का? नाही. लोक कोपरा कापून फोटोच पुढे पाठवायला लागले.)

तर सर, ‘फीचर’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर नाचणारे व्हिडिओ येतात. माझ्यासमोर ती येते. तिच्याचमुळे मी हे सगळं शिकले, एकेक करत. फोटोला वर्णन जोडता येतं, ज्याला ऑल्ट टेक्स्ट म्हणतात, हे मला तिनं सांगितलं. फेसबुक २०१६ पासून स्वतःच्या अंदाजानं फोटोचं वर्णन तयार करतंय, पण यंत्राचा अंदाज ‘मजकूर असावा’ इथवर. पुढचं आपण लिहायचं असतं, आणि तो पर्याय त्या फोटोच्या एडिटमध्येच असतो. मोठा मजकूर असेल तर सरळ पोस्टमध्ये टाइप करायचा. आपण दोन परिच्छेदांमध्ये शोभेला दहा फुलं टाकतो ना, टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हर ही फोनमधली वाचून दाखवणारी सोय त्या प्रत्येक फुलाचं नाव घेते. दहा वेळा. दुःखाचं काही ऐकताना मध्येच गुलाब, गुलाब, गुलाब. मी फुलं त्या दिवशी बंद केली.

हॅशटॅगचंही तसंच. इंग्रजीत जोडून लिहिलेल्या शब्दांत प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं केलं की फोनला शब्द सुटे कळतात. देवनागरीत मोठी-लहान अक्षरं नाहीत, म्हणून मध्ये अंडरस्कोअर द्यायचा : #आईची_आठवण. स्पेस दिली तर हॅशटॅग तिथेच तुटतो आणि नुसतं ‘आईची’ उरतं, हे सुद्धा निम्म्या लोकांना माहीत नसतं. तीस-तीस हॅशटॅगांची शेपटी कुणी लावत असेल तर त्याच्यावर मीही चिडते. दोन पुरतात. एक विषयाचा, एक आपल्या मालिकेचा. मालिकेचा हॅशटॅग दाबला की मागचे भाग निघतात. पुस्तकाच्या शेवटी सूची असते, तिला आजवर कुणी दुकान म्हटलं नाही.

आणि एक गोष्ट मला आज ओरडून सांगायची आहे. हॅशटॅग कुठल्या कंपनीच्या जाहिरात विभागानं शोधलेला नाही! २३ ऑगस्ट २००७ ला ट्विटर वापरणाऱ्या ख्रिस मेसिना या माणसानं तो सुचवला. तो तिथला नोकर नव्हता. कंपनीनं तेव्हा फारसं मनावरही घेतलं नाही. दोनच महिन्यांनी कॅलिफोर्नियात सॅन डिएगोच्या आसपास वणवे लागले आणि आग कुठवर आली हे एकमेकांना कळावं म्हणून लोकांनी ती खूण वापरली. हॅशटॅगवर बोट ठेवलं की यादी उघडायची सोय ट्विटरनं दिली २००९ मध्ये. रीट्विटचंही तेच, लोक आधी हातानं ‘आरटी’ लिहून दुसऱ्याचं वाक्य त्याच्या नावासकट पुढे पाठवत, बटण मागून आलं. माणसांनी माणसं शोधायला काढलेल्या वाटा आहेत या. त्यांना दुकान म्हणताना थोडा विचार करायला हवा होता.

ती बाई. तिला मी त्याच रात्री सातही कार्डं टाइप करून पाठवली. दुसऱ्या दिवशी तिचा व्हॉइस मेसेज आला. पहिले काही सेकंद काहीच नाही, नुसता श्वास. मग म्हणाली, “माझी आईपण आता माझ्या आवाजाला ओळखत नाही. मला तर तिचा चेहरा कधीच माहीत नव्हता, आम्हा दोघींमध्ये आवाजच होता.” लिहायला लागल्यापासून मला एवढं मोठं काही कुणी दिलं नव्हतं. आणि ते माझ्यापर्यंत येणारच नव्हतं. माझ्या लिखाणात कस होता की नव्हता मला माहीत नाही, पण तिनं तो मेसेज करायचं धाडस केलं नसतं तर तो कस त्या सात चित्रांत बंद पडून राहिला असता.

बरं, दुसरी बाजू. हो, या सगळ्यात वेळ जातो, लिहिण्याचा जातो. हो, आकडे बघायची चटक लागते आणि मग माणूस लाइक मिळतील असंच लिहायला लागतो. मी पाहिलेत असे लोक. मान्य.

पण म्हणून नव्या मुलीला गप्प करायचं?

तिनं प्रश्न काढला म्हणून तिच्यासाठी इथेच लिहिते, कुणाच्या ओळखीची असेल तर पोचवा. बाळा, सगळ्यात आधी पोस्टवर पृथ्वीगोलाचं चिन्ह आहे का बघ, ते असेल तर पोस्ट ‘पब्लिक’, म्हणजे सगळ्यांसाठी. पोस्ट फक्त ‘फ्रेंड्स’साठी असेल तर तुझ्या मैत्रिणीनं कितीही प्रेमानं शेअर केली तरी तिच्या ज्या माणसांशी तुझी मैत्री नाही त्यांना ती दिसत नाही. मग ज्याला पुढे पाठवायची असते तो कॉपी करतो आणि तुझं नाव गळतं. निम्मी चोरी अशी होते, वाईट हेतूनं नाही. घरातलं, नाजूक असं काही असेल तर खुशाल ‘फ्रेंड्स’मध्येच राहू दे, पण कथा-कविता ‘पब्लिक’ ठेव. हॅशटॅगच्या यादीतही अनोळखी माणसाला पब्लिक पोस्टच दिसतात.

दुसरं, ‘सी मोअर’च्या आधी फोनवर जेमतेम चार-पाच ओळी दिसतात. त्या ओळी “नमस्कार मित्रांनो, आज जरा वेगळ्या विषयावर लिहितेय” यात घालवू नकोस. तुझं खरं पहिलं वाक्य तिथे येऊ दे. ही चलाखी नाही, वर्तमानपत्रात आयुष्यभर लिहिलेली माणसंही हेच सांगतात.

पिन करायची पोस्ट म्हणजे तुझं सगळ्यात जास्त लाइक मिळालेलं लिखाण नव्हे. नवा माणूस आला तर त्याला तू कोण, काय लिहितेस आणि कुठून वाचायला सुरुवात करावी, हे जिथे कळेल ती. मालिका असेल तर प्रत्येक भागाच्या पहिल्या कमेंटमध्ये आधीच्या भागाची लिंक दे. स्टोरी चोवीस तासांनी जाते, म्हणून तिथे लिखाण टाकू नकोस, लिखाणाकडे जायचा रस्ता टाक. आणि माणसांना न विचारता टॅग करू नकोस. पन्नास जणांच्या दारावर एकदम थाप मारली की त्यातले पंचेचाळीस जण पुढच्या वेळी कडी लावतात. आवाज चांगला असेल तर वाचून रेकॉर्ड कर. नसेल तरी कर, ऐकणारे असतात.

आणि प्रत लगेच स्वतःजवळ ठेव. हे मी तळमळीनं सांगतेय. ऑर्कुट ही फेसबुकसारखीच एक साइट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झाली. फेसबुकवर ‘नोट्स’ म्हणून लांब लिहायची जागा होती, कितीतरी लोकांनी तिथे लिहिलं. ऑक्टोबर २०२० च्या अखेरीस तिथे नवीन लिहिणं थांबलं. या जागा आपल्या नाहीत. आज आहेत तोवर त्यांच्यातून माणसांपर्यंत जायचं, आणि मूळ लिखाण आपल्या फाइलमध्ये, आपल्या ब्लॉगवर, तारखेसकट ठेवायचं.

सकाळी लिहायला बसले तेव्हा सरांवर फार रागावले होते. आता तेवढी नाही. मघाशी त्यांच्या प्रोफाइलवर गेले. गेल्या महिन्यात त्यांनी एक जुनी कविता टाकली आहे, स्वतःच्या हस्ताक्षरातल्या पानाचा फोटो. पान पिवळं पडलंय, अक्षर देखणं आहे. खाली सतरा कमेंट. मी कविता दोनदा वाचली. फार सुंदर आहे. मग सगळी कविता, विरामचिन्हांसकट, टाइप केली आणि सरांना मेसेजमध्ये पाठवली. म्हटलं, ही फोटोखाली घालाल का, माझी एक मैत्रीण आहे, तिला तुमची कविता ऐकता येईल. अजून त्यांनी मेसेज पाहिलेला नाही.

मैत्रीण म्हणजे तीच. चार वर्षांत आम्ही एकदाही भेटलेलो नाही. ती मला फोन करत नाही, पण माझं काही चुकलं की सांगते. माझी जुनी एकशे दहा कार्डं होती, त्यातली बहात्तर टाइप करून झाली आहेत. उरलेली ती अधूनमधून विचारते, घाई करत नाही.

हे लिहीत असतानाच तिचा मेसेज आला : “ताई, काल रात्री फोटो टाकलात त्याला वर्णन नाही. सगळे ‘वा’ म्हणतायत. काय आहे हो त्यात?”

घाईत राहिलं. आईचा हात आहे, खिडकीच्या गजावर, आणि बोटांवर सकाळचं ऊन. थांबा, आधी ते लिहून येते.