गोठा आधी होता

गोव्यात पेडणे तालुक्यातल्या आमच्या गावात सध्या एका गोठ्यावरून दोन तट पडले आहेत. मोपाचा विमानतळ सुरू झाला आणि वेशीवरच्या भाटात, म्हणजे बागायतीत, बंगल्यांची वसाहत आली. शेजारीच दहा-बारा जनावरांचा जुना गोठा, मागे गायरी, म्हणजे शेणखताचा खड्डा. वसाहतीतल्या लोकांनी दुर्गंधीची तक्रार पंचायतीकडे, मग प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आणि मामलेदारांकडे केली. गोठा हलवा, ही मागणी. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘भायल्यांना (बाहेरच्यांना) हाकला’पर्यंत मजल गेली आहे.

ती भाषा मला मान्य नाही. त्या बंगल्यांत म्हापशाची, डिचोलीची, म्हणजे गोव्यातलीच माणसंही राहतात. आणि पावसात तुडुंब भरलेल्या गायरीचा वास नि माश्या कुणाच्याही घरात नकोतच. पण तीन पिढ्यांचा गोठा हलवायला सांगणं हाही अन्यायच आहे.

मी राहतो नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनजवळच्या एका खेड्यात. हा ब्राबांट प्रांत म्हणजे डुकरांचा आणि गुरांचा मुलूख. देशात माणसं सुमारे 1 कोटी 80 लाख आणि डुकरं 1 कोटीच्या आसपास, तेव्हा वासाची भांडणं इथे रोजचीच. 2007 साली लागू झालेल्या कायद्याने वास मोजायलाच घेतला. प्रयोगशाळेत हुंगणाऱ्यांपैकी निम्म्यांना जेमतेम जाणवेल एवढा वास म्हणजे एक एकक. डुकरांची किंवा कोंबड्यांची शेड वाढवायची, तर जवळच्या घरापाशी किती एककं पोचतील याचा हिशोब द्यावा लागतो. दुभत्या गायींसाठी हिशोब नाही, सरळ अंतर ठरलेलं: वस्तीतल्या घरापासून 100 मीटर, वस्तीबाहेरच्या घरापासून 50. 2024 पासून हे सगळं नव्या पर्यावरण कायद्यात गेलं आहे.

पण मला खरी महत्त्वाची वाटते ती दुसरीच गोष्ट. हे अंतर इथे दोन्ही बाजूंनी मोजतात. शेतकऱ्याला घराजवळ शेड बांधता येत नाही, तसंच नगरपालिकेलाही गोठ्याजवळ नवी घरं सहजासहजी मंजूर करता येत नाहीत. येणाऱ्या रहिवाशाला तिथे नीट राहता येईल आणि शेतकऱ्याच्या धंद्याला बाधा येणार नाही, हे आराखड्यातच दाखवावं लागतं.

इथे सगळं आलबेल आहे असं नाही. शेडमधली हवा धुणारी यंत्रं कागदावर धरलेल्यापेक्षा पुष्कळच कमी वास अडवतात, हे 2018 साली वाखेनिंगन विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिलं. त्याआधी 2007 ते 2010 या काळात शेळ्यांच्या फार्ममधून क्यू-फीव्हर हा जनावरांकडून माणसांना होणारा आजार पसरला आणि याच प्रांताला त्याची सर्वांत मोठी झळ बसली. हजारो माणसं आजारी पडली, हजारो गाभण शेळ्या माराव्या लागल्या. म्हणून तक्रार करणाऱ्याला नाजूक नाकाचा म्हणून उडवून लावणं मला धोक्याचं वाटतं.

आपल्याकडे मात्र मोजपट्टी एकाच बाजूने लागते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ मोठ्या पोल्ट्रीला सांगतं की लोकवस्तीपासून 500 मीटर दूर राहा. पोल्ट्रीपासून दूर राहा, असं बिल्डरला कोण सांगतं? ऑर्चर्ड (बागायती) झोनची जमीन सेटलमेंट (वस्तीची) होते, जमीन बिनशेती करायची सनद मिळते, पंचायतीचा परवाना मिळतो, आणि त्या साऱ्या कागदांत शेजारचा गोठा कुठेच नसतो. प्रादेशिक आराखड्यात ‘दुरुस्ती’ करणाऱ्या, गोव्याच्या नगर नियोजन कायद्यातल्या कलम 17(2)चे नियम उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये रद्द केले, तरी झोन बदलायला त्याच कायद्याचं कलम 39अ तेव्हा होतंच. पुढे भांडण पेटलं की उपद्रव हटवण्याचं कलम पुढे येतं, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेत 133, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत 152. आधी कोण आलं, हे ते विचारत नाही.

यात सरकारचीच दोन तोंडं दिसतात, आणि त्याचा मला मनापासून राग येतो. गोव्यातलं दूध गोव्याला पुरत नाही, बाकीचं कर्नाटक-महाराष्ट्रातून येतं. म्हणून राज्याच्या कामधेनू योजनेतून गायींना अनुदान द्यायचं, आणि त्याच गायींच्या गोठ्याला खेटून बंगल्यांना परवानगीही द्यायची!

गोठेवाल्याने काहीच करू नये असं मी म्हणत नाही. पक्की फरशी, मुताला वेगळी नाली, झाकलेली गायरी, जमल्यास गोबरगॅस, एवढं व्हायलाच हवं. पण आमच्या गावात त्याचा खर्च बिल्डरने उचलावा, कारण भाव घेताना त्याने गिऱ्हाइकाला गोठा दाखवला नव्हता. यापुढे सनद देतानाच आजूबाजूचे गोठे, पोल्ट्री, डुकरांचे वाडे नकाशात दाखवावेत आणि मोकळं अंतर बिल्डरच्या जमिनीतून सोडावं. विक्रीच्या दस्तातही ते लिहावं.

ग्रामसभेला माझा चुलतभाऊ जाणार आहे. त्याला मी लिहिलंय, वसाहतीच्या बांधकाम परवान्याची फाइल मागून घे, जागेच्या पाहणी अहवालात गोठ्याचा उल्लेख आहे का बघ, आणि नसेल तर खाली सही कुणाची आहे ते सगळ्यांसमोर वाचून दाखव.