सामनेवाले

खालच्या मजल्यावरच्या काकू मला रोज सकाळी सव्वासहाला व्हॉट्सअ‍ॅपवर गुलाबाचं फूल पाठवत. फेब्रुवारीत एके दिवशी फुलाऐवजी त्यांच्या बाथरूमच्या छताचा फोटो आला. डाग बशीएवढा. पुढे तो ताटाएवढा झाला आणि काकूंनी फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, तेव्हा मला जाग आली.

मुलुंडात कॉन्ट्रॅक्टर शोधावा लागत नाही, तोच तुम्हाला शोधतो. हा आला तो महापालिकेचा प्लंबरचा परवाना प्लॅस्टिकच्या पाकिटात घालूनच. टीपॉयवर त्याने तो अशा आदबीने ठेवला, जणू स्थळाची पत्रिका. “काका, लायसन्सवालं काम. दहा वर्षं बघायला नको.” पंच्याऐंशी हजारांत ठरलं. पक्कं बिल हवं असेल तर वर १८ टक्के जीएसटी. मी व्यवहारी माणूस, कच्चं घेतलं. म्हणजे चौकटीच्या वहीचा कागद, त्यावर ‘बाथरूम ८५०००’, आणि मागे दुसऱ्याच कुणाच्या तरी लाद्यांचा हिशेब.

त्यानंतर परवाना आणि परवानेवाला, दोघांचंही दर्शन झालं नाही. कामाला दोन पोरगे आले. जुन्या लाद्या फोडल्या, विटांच्या तुकड्यांचा कोबा घातला, केमिकल मारलं. आता लाद्या बसवायच्या आधी पाणी साठवून बघतात. नहाणीच्या भोकात बोळा कोंबायचा, चार बोटं पाणी भरायचं आणि ४८ तास हात लावायचा नाही. त्यांनी रात्री भरलं. सकाळी बघतो तर तळाशी नुसती ओल.

“गर्मी में सूख गया, साहब,” मोठा पोरगा म्हणाला.

मे महिना होता, उकाडाही होता. मी बीएस्सी झालेला माणूस, बाष्पीभवन शिकलेला. मान डोलावली.

लाद्या बसल्या, आणि आठवड्याभरात सकाळी सव्वासहाला फोटो परत सुरू. मग फोन. “सिमेंट सेट होऊ द्या काका.” “उद्या माणूस पाठवतो.” “निघालोय, ऐरोलीला पोचलो.” जुलैभर तो ऐरोलीच्या पुलावर होता.

आमच्या बिल्डिंगमध्ये एक निवृत्त काका आहेत. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ साली निघाली, तेव्हापासून त्यांच्याकडची तूरडाळ पंचायतीच्या संघातूनच, म्हणजे सभासदांच्या एकत्र खरेदीतूनच येते. त्यांनी आधी त्या परवान्याचा मोबाइलमधला फोटो मोठा करून पाहिला. “हा नळजोडणीच्या कामासाठी. कोब्याचा याच्याशी काय संबंध? महापालिकेकडे परवान्याची तक्रार कर हवी तर, पण पैसे हवेत तर ग्राहक आयोग.” मग ते रंगातच आले. १९१५ या हेल्पलाइनवर फोन कर. २०१९चा कायदा आहे, दोन वर्षांच्या आत जायचं. आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंत फी नाही, वकील नसला तरी चालतं. “बिल आण.”

मी चौकटीचा कागद पुढे केला. काकांनी तो उलटून लाद्यांचा हिशेबच आधी वाचला. “अठरा टक्के वाचवलेस ना?” एवढंच म्हणाले. शेवटी जीपेची नोंद, व्हॉट्सअ‍ॅपची बोलणी आणि काकूंचे त्रेसष्ट फोटो हाच आमचा पुरावा ठरला. ज्या फोटोंनी माझी झोप उडवली, ते तारीखवार लावताना मला काकूंचे उपकार वाटू लागले.

मसुद्यात मी ‘तक्रारदार’ झालो आणि तो ‘सामनेवाले’. आयोगाच्या मराठीत विरुद्ध पक्षाला असंच म्हणतात. तीन महिने जो एकदाही समोर आला नाही, त्याला सामनेवाले म्हणायचं! लिहिताना माझा हात अडखळला. त्यात काकांनी सगळीकडे आदरार्थी बहुवचन लावलं होतं: ‘सामनेवाले यांनी फोन उचलणे टाळले.’

आधी नोटीस पाठवली, स्पीड पोस्टाने. पाचव्या दिवशी बेल वाजली. चपला बाहेर काढून सामनेवाले सामने उभे.

“काका, कागद कशाला? एक फोन करायचा.”

हिने स्वयंपाकघरात मला गाठून हळूच विचारलं, “याला चहा द्यायचा की केस कमकुवत होते?” दिला. बिस्किटं मात्र दिली नाहीत.

त्याने बाही वर करून नहाणीत कोपरापर्यंत हात घातला, डोळे मिटले आणि नाडी बघावी तसा थांबला. “ट्रॅपचा जॉइंटच भरला नाही बघा त्यांनी.” त्यांनी! मी काही बोलायच्या आत लेटरहेड काढून त्याने लिहून दिलं: आठ दिवसांत दुरुस्ती, विनामूल्य, ४८ तास पाणी भरून दाखवण्यासह.

या वेळी पाणी भरल्याबरोबर मी भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारली आणि दाराशी स्टूल टाकून बसलो. दोन दिवस आंघोळी मेहुण्याकडे, ठाण्याला. रात्री दोनदा उठून टॉर्च मारला. ४८ तासांनी पाणी रेघेच्या नखभर खाली होतं.

“गर्मीत सुकलं असेल,” मी म्हणालो. बाहेर धो धो पाऊस पडत होता.

दुसऱ्या दिवशी सव्वासहाला फोन वाजला. धडधडत्या छातीने उघडला. गुलाबाचं फूल होतं.