खाज थांबली म्हणजे गजकर्ण गेलं असं नाही

माझं तासगावात मेडिकल आहे. पावसाळा लागला की जांघेतलं, कमरेवरचं गजकर्ण घेऊन लोक येतात आणि थेट ट्यूबचं नाव सांगतात. शेजाऱ्याला लागू पडलेली असते. यातल्या बऱ्याच ट्यूबमध्ये क्लोबेटासॉलसारखं जबर स्टेरॉइड असतं. त्यानं लाली उतरते, खाज बसते आणि गजकर्ण करणारी बुरशी मात्र आत पसरत राहते. पुढे चट्ट्याचं रूपच असं पालटतं की डॉक्टरांनाही चटकन ओळखू येत नाही. चिठ्ठीशिवाय मी ती ट्यूब देत नाही, गिऱ्हाईक तुटलं तरी चालेल.

चट्टे अंगभर गेले, पुन्हा पुन्हा उठले किंवा नखं जाड, पिवळी झाली की नुसत्या मलमावर भागत नाही, बहुतेकदा गोळ्या लागतात. बुरशीच्या पेशीचं आवरण अर्गोस्टेरॉल नावाच्या चरबीसारख्या पदार्थावर टिकून असतं. टर्बिनाफिन आणि इट्राकोनाझोल ही बुरशीवरची दोन्ही औषधं ते तयार होऊ देत नाहीत, फक्त वेगवेगळ्या टप्प्यांवर अडवतात. गोळी रक्तातून नव्या कातडीत, नव्या नखात उतरते. हाताच्या नखांसाठी टर्बिनाफिन साधारण 6 आठवडे, पायाच्या नखांना 12. कोर्स संपला तरी पायाचं नख खराबच दिसतं, कारण ते महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढतं. पूर्ण नवं यायला वर्ष-दीड वर्ष जातं. तोवर नखात उतरलेलं औषध काही महिने काम करत असतं. ‘एवढ्या गोळ्या खाऊन काय झालं?’ असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगतो.

आणि या गोळ्या मनानं घेऊ नका. लिव्हरचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. इट्राकोनाझोलची कॅप्सूल जेवण झाल्याबरोबर घ्यायची, ॲसिडिटीच्या गोळीसोबत नाही. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशी तिचं जमत नाही, हार्ट फेल्युअर असलेल्यांना ती धोक्याची.

आपल्या देशात टर्बिनाफिनला दाद न देणारी बुरशी पसरली आहे, ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. स्टेरॉइड मलमांच्या बेसुमार वापरानं हे दुखणं चिवट झालं, असं त्वचारोगतज्ज्ञ सांगतात.

सगळ्यात जीव तुटतो तो बायकांसाठी. बागेत दिवसभर ओल्या कपड्यांत राबतात, जागा दाखवायची लाज वाटते, म्हणून नवऱ्याला ट्यूब आणायला पाठवतात. ताई, सांगलीच्या सिव्हिलला त्वचेची ओपीडी आहे. घरात ज्याला ज्याला खाज आहे त्या सगळ्यांना सोबत न्या. एकालाच औषध दिलं तर गजकर्ण दुसऱ्याकडून परत येतं. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा, कपडे कडक उन्हात वाळवलेले, आणि गोळी डॉक्टर बंद करा म्हणेपर्यंत.