मोबाइलमधली बाई

आज दुपारी मावसबहिणीचा फोन आला होता. बोलता बोलता माझा आवाज जड झाला. तिने कारण विचारलं, मी सांगितलं की आज तिला जाऊन वर्ष झालं. "कुणाला?" मी नाव सांगितलं. पलीकडे जरा शांतता, आणि मग, "अगं, ती मोबाइलमधली बाई? तिच्यासाठी अजून रडतेस? कधी भेटलीस तरी का तिला?"

नाही भेटले, ताई. एकदाही नाही.

फोन ठेवल्यापासून डोकं ठणकतंय. तिला उलटून बोलले नाही, मोठी आहे, मनाने वाईट मुळीच नाही. पण इथे बोलणार आहे. लांबेल, ज्यांना वेळ नाही त्यांनी खुशाल पुढे जा.

आईचं विसरणं वाढलं तेव्हा डिमेन्शियाच्या पेशंटची काळजी घेणाऱ्यांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी मला घेतलं. ज्यांच्या घरी असा पेशंट आहे त्यांना वेगळं सांगायला नको, दिवस कसाही निघतो, खरी परीक्षा संध्याकाळनंतर. उजेड कमी झाला की ही माणसं बेचैन होतात, डॉक्टर त्याला सनडाउनिंग म्हणतात. आईचं एकच पालुपद असायचं, "मला घरी जायचंय." घरातच बसलेली असायची. मी समजावायचे, आई, हेच आपलं घर, हे बघ तुझं कपाट, ही तुझी खुर्ची. ती आणखी चिडायची. एका रात्री मी तिच्यावर ओरडले, असं ओरडले की ती भिंतीला टेकून लहान मुलीसारखी माझ्याकडे बघत राहिली. अडीच वाजले होते. मी ग्रुपवर लिहिलं, "आज मी आईवर ओरडले."

कुणीच जागं नव्हतं. ती जागी होती. तिने वेगळा मेसेज केला, "मी काल ओरडले. मग कडी लावून रडले."

बस, एवढंच. ना उपदेश, ना "धीर धर". दुसऱ्या दिवशी तिची व्हॉइस नोट आली, "घरी जायचंय म्हणाल्या की नाही म्हणू नकोस. विचार, घरी कोण कोण आहे." त्या संध्याकाळी मी विचारलं. आई पाऊण तास बोलत होती. तिच्या लहानपणी एक मांजर होतं, तिच्याच उशाशी झोपायचं, त्या मांजराचं नाव मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. मग आई शांत झोपली. माझ्या सख्ख्या माणसांनी मला हजार गोष्टी सांगितल्या होत्या, डॉक्टर बदल, बाई ठेव, स्वतःकडे लक्ष दे. पण हे वाक्य एका न पाहिलेल्या बाईने दिलं.

त्यानंतर दोन वर्षं जवळजवळ रोज रात्री आम्ही बोललो. तिची प्रत्येक व्हॉइस नोट एकाच आवाजाने सुरू व्हायची, कडी लावल्याचा. तिच्या आईची झोप मोडू नये म्हणून ती दुसऱ्या खोलीत जाऊन दार लावून बोलायची. लोखंडाची कडी असणार, आधी जरा अडायची, मग खट्. त्या दाराचा रंग मला माहीत नाही. पण तो खट् आवाज मी हजार आवाजांतून ओळखेन.

आणि म्हणे कधी भेटलीस तरी का.

न भेटता जीव लावणं ही काही मोबाइलने काढलेली नवी गोष्ट आहे का? रशियाचा तो मोठा संगीतकार, चायकोव्स्की. नादेझ्दा फॉन मेक नावाच्या एका श्रीमंत विधवेशी त्याचा १८७६ ते १८९० असा पत्रव्यवहार होता. बाराशेच्या वर पत्रं. अट एकच होती, भेटायचं नाही. १८७९मध्ये एकदा चुकून समोरासमोर आले, तर न बोलता पुढे निघून गेले. त्याने आपली चौथी सिंफनी तिला अर्पण केली. त्यांना कुणी विचारत नाही की ही कसली मैत्री. कागदावर शाईने लिहिलं की मन, आणि काचेवर बोटाने लिहिलं की टाइमपास?

फसवणारे असतात, मान्य. खोटे फोटो लावणारे असतात, पैसे उकळणारे असतात. पण अशी माणसं समोर बसूनही तेच करतात, त्यावरून कुणी शेजारपाजार मोडीत काढत नाही. आणि फेसबुक पाच हजारांपर्यंत 'फ्रेंड' करू देतं, ते सगळे मित्र असं कोण म्हणतंय? मी एका माणसाबद्दल बोलतेय.

बरं, तीही एक गोष्ट मान्य करून टाकते, नाहीतर कुणीतरी खाली लिहीलच. माझी आई गेली तेव्हा ती आली नाही. तिच्या आईला सोडून ती येऊच शकत नव्हती. जे आले ते माझेच होते, त्यांनी खूप केलं. पण पहाटे चारला, सगळे झोपल्यावर, आईच्या रिकाम्या पलंगाशी मी बसले होते तेव्हा फोनवर ती होती. बोलत नव्हती. फोन चालू ठेवून नुसती बसली होती. पलीकडे तिच्या आईचं घोरणं ऐकू येत होतं. ते घोरणं ऐकत मला झोप लागली.

आता जे लिहायचंय ते लिहायला हात जड झालाय.

मागच्या वर्षी तिचे मेसेज अचानक बंद झाले. मी पाठवलेल्यावर एकच टिक. पहिल्या दिवशी वाटलं फोन बिघडला असेल. चौथ्या दिवशी काळजी वाटली. आठव्या दिवशी मला राग आला. आई गेल्यावर माझ्या रात्री मोकळ्या झाल्या आणि तिच्या तशाच राहिल्या, म्हणून ती दुरावली असं मी मनाशी ठरवूनच टाकलं. मी लिहिलं, "बरं. नसेल बोलायचं तर नको बोलूस." तो माझा तिला शेवटचा मेसेज.

एकोणिसाव्या दिवशी सगळ्या मेसेजवर एकदम निळ्या टिका आल्या. मी फोन घट्ट धरून बसले. टायपिंग दिसलं, थांबलं, पुन्हा दिसलं. मग तिच्या नावाने, तिच्या फोटोखाली दोन शब्द आले.

"तुम्ही कोण?"

तिची बहीण होती. ती झोपेतच गेली होती, हृदयविकाराचा झटका. आईची काळजी घेणारी आईच्या आधी गेली. आणि मी एकोणीस दिवस रुसून बसले होते, कारण मला कळवायचं आहे हे त्या घरात कुणाला ठाऊकच नव्हतं.

तुम्ही कोण. मी काय सांगणार होते? लिहिलं, "मैत्रीण." उत्तर आलं, "ऑफिसमधली का?" तिची चूक नाही, ती तरी काय समजणार. मग मला काय सुचलं कोण जाणे, मी लिहिलं, "आई घरी जायचंय म्हणाल्या तर नाही म्हणू नका. घरी कोण कोण आहे ते विचारा." मला एक शब्द धड लिहिता येत नव्हता, हे वाक्य मात्र आपोआप लिहून झालं.

तीन आठवड्यांनी त्याच नंबरवरून व्हॉइस नोट आली. बहीण आता तिथेच राहते, आईपाशी. सुरुवातीला कडी अडली, मग खट्. पुढचं बोलणं मी बऱ्याच वेळाने ऐकलं. "आई काल बोलली हो. खूप बोलली."

म्हणून सांगते ताई, खरी की खोटी हा प्रश्नच मला कळत नाही. खरीच होती. फक्त त्या मैत्रीला कुठे जागा नव्हती, ना फोनच्या यादीत, ना घरच्यांच्या ओठांवर. नॉर्वेतला मॅट्स स्टीन नावाचा मुलगा २०१४मध्ये गेला, पंचवीस वर्षांचा होता, स्नायूंच्या आजाराने खुर्चीला खिळलेला. आईवडिलांना वाटायचं पोरगा एकटा आहे, दिवसरात्र गेम खेळतो. त्याच्या ब्लॉगचा पासवर्ड होता म्हणून वडिलांनी तिथे तो गेल्याचं लिहिलं, आणि अनोळखी माणसांच्या ईमेल येत राहिल्या. त्याच्या गेममधले सोबती परदेशांतून त्याच्या अंत्यविधीला आले. वडिलांनी ते चार शब्द लिहिलेच नसते तर? तेही सगळे माझ्यासारखे एक टिक बघत बसले असते.

मला ताईचा राग आता तेवढा राहिला नाही. तिने कधी असं कुणी गमावलं नाही, आणि कधी गमावू नये. पण जे मित्र हे वाचतायत त्यांना मात्र चिडूनच सांगतेय, घरात कुणाला तरी सांगून ठेवा. फेसबुकवर लेगसी कॉन्टॅक्ट म्हणून सेटिंग आहे, आपल्यामागे आपलं खातं कुणी सांभाळायचं ते ठरवता येतं, २०१५पासून आहे. माझ्या ओळखीत कुणी केलेलं नाही. मीही नव्हतं केलं, आज केलं. आणि तेवढ्याने भागत नाही, फोन कुलूपबंदच राहतो.

म्हणून संध्याकाळी लेकाला बसवलं आणि एका कागदावर नावं लिहून दिली, मला काही झालं तर यांना कळव. आधी तो हसला. मग माझ्याकडे बघून गप्प झाला आणि विचारलं, "ही कोण आई?" मी एकेकीबद्दल सांगितलं. ही रात्री दोनला जागी असते. हिच्या वडिलांना माणसं ओळखू येत नाहीत, गाणी येतात. त्याने कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला.

तिसऱ्या नावापुढे मी अडकले. पाच वर्षांची ओळख, आणि तिचं आडनाव मला माहीत नाही. कधी लागलंच नाही.

आत्ताच मेसेज करून विचारलंय. दोन टिका आल्यात.