हात नाही, नजर बघा
बाळांच्या समजेवरच्या एका लेखात म्हटलंय की ८ महिन्यांपर्यंत बाळाच्या लेखी नजरेआड झालेली वस्तू उरतच नाही. हे मूळ स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजेचं मत. पण त्याची कसोटी होती, बाळ हाताने वस्तू शोधतं का? त्यासाठी आधी कापड ओढायचं, मग वस्तू धरायची, एवढा बेत जमावा लागतो! १९८५ मध्ये मानसशास्त्रज्ञ रेने बायार्जाँ आणि सहकाऱ्यांनी हाताऐवजी नजर मोजली. मागे ठोकळा असूनही फिरता पडदा त्यातून आरपार गेलेला दिसला, की ५ महिन्यांची बाळं जास्त वेळ टक लावून बघत. टक लावणं म्हणजे समजणं का, यावर वाद आहेच. पण ‘उरतच नाही’ हे जरा जास्तच झालं.