शाळेपासूनचं अंतर

गेल्या गणपतीत बाणेरला मामेबहिणीकडे गेले होते. आरती झाली, पानं वाढली आणि विषय शाळांवर आला. तिच्या धाकट्याच्या वर्गात आरटीईतून, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या राखीव जागांतून, आलेली सहा मुलं आहेत. त्यावरून तिच्या सोसायटीतल्या पालकांच्या ग्रुपवर वर्षभर धुसफुस चालू असते. "आम्ही दीड लाख भरायचे आणि यांना फुकट," असं कुणीतरी दर महिन्याला लिहितं. ती मला म्हणाली, "तुमच्याकडे इंग्लंडात बरं आहे गं. फी नाही, सोडत नाही, कोटा नाही. ज्यानं त्यानं आपल्या घराजवळच्या शाळेत जायचं. आपल्या सरकारनंही तेच आणलं होतं, कोर्टानं मोडता घातला."

मी तेव्हा गप्प राहिले. घराजवळच्या शाळेसाठी आम्ही रेडिंगमध्ये काय काय केलं, ते जेवताना दोन वाक्यांत सांगण्यासारखं नव्हतं. ताईला द्यायचं राहिलेलं उत्तर आता लिहिते आहे.

जानेवारी २०२२ मध्ये माझी बदली रेडिंगला झाली. मुलगी पाच वर्षांची होती. निघण्याआधी पुण्यात बसून आम्ही सगळ्यांसारखंच केलं: घरांच्या संकेतस्थळावर नकाशा उघडला आणि ज्या शाळेपुढे 'आउटस्टँडिंग', म्हणजे सरकारी तपासणीतला सगळ्यांत वरचा दर्जा, लिहिलं होतं तिच्याजवळचं घर भाड्यानं घेतलं. शाळा चालत सात मिनिटांवर. इथे आल्यावर कळलं की त्या शाळेत जागाच नाही. इंग्लंडात सुरुवातीच्या तीन वर्गांत, म्हणजे साधारण सात वर्षांच्या वयापर्यंत, एका शिक्षकामागे ३० मुलांची मर्यादा कायद्यानं घातली आहे. एकतिसावं मूल अगदी मोजक्या अपवादांतच घेतात. काउन्सिलनं, म्हणजे इथल्या महापालिकेनं, मुलीला दुसरी शाळा दिली, पावणेदोन मैलांवर. आठ वर्षांखालच्या मुलाची शाळा साधारणपणे दोन मैलांपेक्षा लांब असेल तरच प्रवासाची सोय फुकट मिळते, म्हणून तीही नाही. गाडी नव्हती. फेब्रुवारीतल्या पावसात तिला घेऊन दोन बस बदलत जाताना मी रोज त्या सात मिनिटांवरच्या शाळेच्या फाटकासमोरून जायचे.

तेव्हा मी प्रवेशाचे नियम नीट वाचून काढले. सरकारी शाळेत फी नाही, हे खरं आहे. पण अर्ज जास्त आले की शाळेला जाहीर केलेल्या क्रमानंच मुलं घ्यावी लागतात. आधी सरकारच्या देखरेखीखालची अनाथ, निराधार मुलं. पुढे बहुतेक ठिकाणी ज्यांचं भावंड आधीच त्या शाळेत आहे ती, ठरवलेल्या हद्दीत राहणारी, आणि मग अंतर. हे अंतर अनेक काउन्सिल सरळ रेषेत मोजतात, नकाशावर घरापासून शाळेपर्यंत. शेवटच्या जागेसाठी दोन मुलं असली तर ज्याचं घर काही मीटर जवळ त्याला प्रवेश मिळतो. रस्त्याच्या या बाजूचं मूल आत आणि समोरच्या बाजूचं बाहेर, असं सर्रास होतं.

आणि हे अंतर विकत मिळतं. घराच्या जाहिरातीत खोल्यांच्या खालोखाल शाळेचं नाव असतं. आम्ही दीड वर्षानं लोअर अर्लीला राहायला गेलो, तेवढ्याच खोल्यांसाठी महिना तीनशे पौंड जास्त देऊन. मुलगी तिसरीत गेली तसं एक कुटुंब गाव सोडून गेलं आणि तिला तिथल्या जवळच्या शाळेत जागा मिळाली. ताई, ती माझी फीच आहे. फक्त ती शाळेच्या पावतीवर येत नाही, घरमालकाच्या खात्यात जाते. त्यामुळे मला चारचौघांत अभिमानानं म्हणता येतं की माझं मूल सरकारी शाळेत शिकतं.

आमच्या जुन्या घराशेजारी केरळची एक बाई राहायची. केअर होममध्ये रात्रपाळी करणारी, माझ्या मुलीच्याच वयाचा मुलगा. आमची मुलं त्या लांबच्या शाळेत एकत्र जायची. तिला तीनशे पौंड जास्त देणं शक्यच नव्हतं. आम्ही सामान हलवलं त्या दिवशी ती डबा घेऊन आली, मुलीला जवळ घेतलं आणि म्हणाली, "तुझी शाळा आता जवळ झाली ना?" तिचा मुलगा अजून दोन बस बदलतो. घराजवळची शाळा सगळ्यांना, हे वाक्य ऐकलं की मला तो मुलगा दिसतो.

म्हणून ताईच्या बोलण्यातल्या कोर्टाकडे येते. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्यात विनाअनुदानित खासगी शाळांनी पहिल्या वर्गातल्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या आहेत. महाराष्ट्रात त्या ऑनलाइन सोडतीनं भरतात. ९ फेब्रुवारी २०२४ ला राज्य सरकारनं अधिसूचना काढली की खासगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर त्या खासगी शाळेला ही सक्ती नाही. पुण्या-मुंबईत एक किलोमीटरच्या आत महापालिकेची शाळा नाही अशी खासगी शाळा शोधावी लागेल. म्हणजे शहरांतली बहुतेक दारं बंदच. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ती अधिसूचना रद्द केली आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निर्णय कायम ठेवला.

किलोमीटर हा शब्द निरुपद्रवी वाटतो. त्यात कुणाची जात येत नाही, उत्पन्न येत नाही. पण मी अंतराच्या नियमावर चालणाऱ्या देशात राहते, त्या नियमाचा फायदा घेतला आहे, आणि म्हणून सांगते: अंतर कधीच तटस्थ नसतं. कोण कुठे राहू शकतो हे आधी पैशानं ठरतं आणि मग आपण फूटपट्टी घेऊन मोजायला बसतो. आरटीईतही अंतर आहेच, एक किलोमीटरच्या आतल्यांना प्राधान्य असतं, पण शेवटी चिठ्ठी निघते. बाणेरच्या त्या वर्गातल्या सहा मुलांचे आई-वडील त्याच भागात राहतात. ताईच्या इमारतीचं पार्किंग सांभाळतात, पोळ्या करतात. इंग्लंडच्या पद्धतीत ते त्या वस्तीत राहूच शकले नसते. ब्रायटननं २००७ मध्ये माध्यमिक शाळांसाठी हद्दीच्या आत चिठ्ठ्या टाकायचं ठरवलं, ते याच दुखण्यावर. तेव्हा तिथल्या ज्या पालकांनी शाळा बघून घरं घेतली होती ते फार चिडले होते. त्यांचा राग आणि ताईच्या ग्रुपवरचा राग माझ्या मते एकच आहे: आम्ही किंमत मोजली, मग ही मुलं इथे कशी?

शाळाचालकांची एक तक्रार मात्र खरी आहे. आरटीईच्या मुलांच्या फीपोटी सरकारनं द्यायची प्रतिपूर्ती वर्षानुवर्षे थकते. ती वेळेवर द्यावी, यासाठी पालकांनी शाळेच्या बाजूनं उभं राहावं. त्याचा राग सहा मुलांवर का?

आता त्या 'आउटस्टँडिंग'बद्दल, कारण इकडे येऊ घातलेले ओळखीचे लोक फोनवर पहिलं तेच विचारतात. ऑफस्टेड ही सरकारी तपासणी संस्था शाळेला एका शब्दात दर्जा द्यायची आणि घर शोधणारा माणूस तोच एक शब्द बघायचा. आम्हीही तेच केलं होतं. रेडिंगमध्येच, नदीपलीकडे कॅव्हरशॅमला, एका प्राथमिक शाळेचा दर्जा 'आउटस्टँडिंग'वरून थेट सगळ्यांत खालच्या पायरीवर गेला आणि तो जाहीर होण्याआधी, जानेवारी २०२३ मध्ये, मुख्याध्यापिका रूथ पेरी यांनी आत्महत्या केली. तपासणीचा त्यांच्या मृत्यूला हातभार लागला, असा निष्कर्ष मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नोंदवला. सप्टेंबर २०२४ पासून एका शब्दाचा सरसकट दर्जा बंद झाला. पेरी यांच्या मृत्यूची बातमी आली त्या आठवड्यात आमच्या शाळेच्या फाटकाशी कुणी फारसं बोलत नव्हतं. शिक्षिकांचे डोळे सुजलेले होते. नकाशावरच्या एका शब्दाकडे बघून घर निवडणाऱ्या आपल्यासारख्यांचा त्या ओझ्यात वाटा आहे, असं मला तेव्हापासून वाटत आलं आहे.

म्हणून मला विचारणाऱ्यांना मी सांगते की करारावर सही करण्याआधी काउन्सिलच्या प्रवेश विभागाला फोन करा आणि तुमच्या मुलाच्या वर्गात आज कुठे जागा रिकामी आहे ते विचारा. पत्ता रेडिंगचा असला तरी लोअर अर्ली वोकिंगमच्या काउन्सिलखाली येतं, नियम आणि कार्यालय वेगळं, हे आधी बघा. मग दुपारी सव्वातीनला शाळेच्या फाटकाशी जाऊन उभे राहा. मुलं कशी बाहेर येतात, शिक्षिका दारात थांबून पालकांशी बोलते का, बघा. तिथे उभ्या असलेल्या एखाद्या आईला विचारा. मोठ्या गाजावाजाच्या शाळेपेक्षा जागा असलेली, चालत जाता येणारी साधी शाळा लहान मुलाला अधिक मानवते. ती लांबची शाळाही वाईट नव्हती. मुलीला इंग्रजी बोलायला लावणारी शिक्षिका तिला तिथेच भेटली.

आणि अकराव्या वर्षाच्या सुमाराला होणाऱ्या ग्रामर शाळांच्या प्रवेश परीक्षेसाठी आत्तापासून पोरांना पिळू नका. परीक्षा घेऊन मुलं निवडणाऱ्या अशा सरकारी शाळा इंग्लंडभरात १६३ उरल्या आहेत, त्यांतल्या दोन रेडिंगात. आपल्या लोकांत तिसरीपासून शिकवण्या लागतात. माझी मुलगी पाचवीत आहे, तिच्या वर्गातल्या तीन मुलींचा शनिवार असाच जातो. मी तिला बसवणार नाही. यावर घरात वाद आहे, पण माझं ठरलं आहे.

एवढं म्हटल्यावर इथलं चांगलं सांगायचंही राहू नये. माझ्या मुलीच्या वर्गात डॉक्टरची मुलगी आहे आणि कचऱ्याची गाडी चालवणाऱ्याचा मुलगाही. छप्पर गळलं तर डॉक्टरही चिडतो, कारण त्याचं मूल त्याच छपराखाली आहे. शाळेच्या नियामक मंडळावर पालक निवडून जातात, हिशेब विचारतात. आपल्याकडे कायदा याहून पुढे आहे. आरटीईनं सरकारी आणि अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती आणली आणि तिच्यात तीन चतुर्थांश पालकच हवेत, आणि एकूण समितीत निम्म्या बायका. पण ज्यांच्या शब्दाला कचेरीत वजन आहे ते पालक त्या समितीत नाहीत, कारण त्यांची मुलं त्या शाळेतच नाहीत. ताईच्या घरापासून महापालिकेची शाळा चालत नऊ मिनिटांवर आहे. त्या नऊ मिनिटांत तिच्या सोसायटीतलं कुणी कधी गेलं असेल असं मला वाटत नाही. तिला जवळची शाळा आवडते, फक्त ती स्वतःसाठी नको आहे.

मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेतली. कोरेगाव तालुक्यात, दोन खोल्या, चार वर्ग. तिचा पट आता अकरावर आला आहे. राज्याचे आरटीईचे नियम म्हणतात की पाचवीपर्यंतची शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत हवी, पण तिथे किमान वीस मुलं असतील तर. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा जवळच्या मोठ्या शाळेत मिळवून 'समूह शाळा' करायचा विचार सरकारनं मांडला, तेव्हापासून गावात धाकधूक आहे. शहरात एक किलोमीटर गरिबाच्या मुलाला खासगी शाळेबाहेर ठेवायला वापरायचा आणि गावात त्याची स्वतःची शाळा त्याच किलोमीटरच्या बाहेर न्यायची, हे मला पटत नाही. इथे माझ्या पाच वर्षांच्या मुलीला पावणेदोन मैल जड गेले, तेही फुटपाथ आणि बस असताना. आमच्या गावापासून मोठी शाळा साडेतीन किलोमीटर. मध्ये ओढा आहे, त्यावर फरशी पूल, आणि जुलैत तो निदान चार-पाच दिवस पाण्याखाली असतो.

परवा आईशी बोलले. म्हणाली, गुरुजींनी वस्तीवर घरोघर जाऊन ऊसतोड्यांच्या पोरांची नावं लिहून घेतली. पट चौदावर गेला आहे. अजून सहा हवीत.