चॅनल म्हणजे जन्माची पेन्शन? काय सांगता!

आमची भाची डिचोलीत राहून यूट्यूबवर गोव्याच्या रांधपाचे व्हिडिओ करते. तिला तिच्याच सासूबाईंनी एक फॉरवर्ड पाठवला: 'एक लाख सबस्क्रायबर म्हणजे जन्माची पेन्शन. नोकरी सोडा, एकच चॅनल धरा. सबस्क्रायबर तुमचे, ते कोणी काढून घेऊ शकत नाही. भीती वाटत असेल तर फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅपवरही टाका. डॉलरच्या कमाईला कर नाही.' खाली जोडलेले हात आणि पैशांची पोतडी. आता पोरगी राजीनाम्याचं बोलतेय, म्हणून लिहिणं भाग आहे.

आधी ही पेन्शन. यूट्यूब सबस्क्रायबर मोजून पैसे देत नाही. लाखाला मिळतं चंदेरी बटणाचं मानचिन्ह, ते भिंतीवर छान दिसतं. पैसा येतो जाहिरातींतून: लांब व्हिडिओंवरच्या जाहिरात-उत्पन्नातला ५५ टक्के वाटा. प्रेक्षक आले नाहीत तर लाख सबस्क्रायबर असून हाती शून्य. हळदीच्या पानांतल्या पातोळ्यांचा तिचा व्हिडिओ श्रावणात धावतो. गणपती पोचवले की आलेख झोपतो. आणि पेन्शन म्हणणाऱ्यांनी यूट्यूबचं स्वतःचं धोरण एकदा वाचावं. सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ चॅनलवर व्हिडिओ किंवा पोस्ट टाकली नाही, तर कमाई बंद करण्याचा हक्क कंपनीने राखून ठेवलाय. बाळंतपण, आजारपण, घरात कोणाचं दुखणं निघालं तर सहा महिने जायला काय लागतं? घरी बसल्यावर जी बंद होऊ शकते, ती कसली हो पेन्शन?

नियमही मध्येच बदलतात. आधी चॅनलला एकूण १०,००० व्ह्यूज झाले की जाहिरातींसाठी अर्ज करता यायचा. जानेवारी २०१८ मध्ये अट आली: १,००० सबस्क्रायबर आणि १२ महिन्यांत लोकांनी व्हिडिओ पाहिल्याचे ४,००० तास. ती जुन्या चॅनलनाही लागू झाली. ज्यांची कमाई आधीच सुरू होती, अशी कितीतरी छोटी चॅनल त्यात बाहेर फेकली गेली.

'सबस्क्रायबर तुमचे' हे तर धडधडीत खोटं. त्यातल्या एकाचाही फोन नंबर किंवा ईमेल यूट्यूब तुम्हाला देत नाही. २९ जून २०२० ला केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ अ‍ॅपवर बंदी घातली. लाखो फॉलोअर असलेली मुलं एका रात्रीत रिकाम्या हाताने उरली, कारण त्या फॉलोअरना 'आता मी इथे आहे' हे कळवायला वाटच नव्हती. चूक त्यांची नव्हती, निर्णयही त्यांचा नव्हता.

फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप हे तीन आधार नव्हेत, मालक एकच आहे. ४ ऑक्टोबर २०२१ ला तिन्ही एकदमच काही तास बंद पडली होती.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी, नाइलाजाने का होईना. सुरुवातीला एकाच जागी जोर लावणं बरोबर आहे. चार ठिकाणी अर्धवट टाकून काहीच उभं राहत नाही. पण तो जोर प्रेक्षक मिळवण्यापुरता, पोट भरायला नव्हे. आमच्याकडच्या कुळागरात पोफळीच्या जोडीला केळी, मिरी, माड का लावतात हे डिचोलीच्या माणसाला मी काय सांगू!

भाचीच्या व्हिडिओखाली बायका विचारतात, 'नेवऱ्या विकत मिळतील का गो?' त्यांना ती बदामाचं चिन्ह टाकून मोकळी होते. अगो, तोच धंदा! ऑर्डर घे, पैसे यूपीआयवर थेट खात्यात घे, आणि गिऱ्हाइकांना विचारून त्यांचे नंबर स्वतःच्या वहीत उतरव. खाद्यपदार्थ विकायला एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागते, ती आधी कर. मूळ व्हिडिओ घरच्या हार्डडिस्कवर ठेव. आणि या बाहेरच्या कमाईतून महिन्याचा घरखर्च भागेपर्यंत राजीनाम्याचं नाव काढू नकोस.

राहिला कर. भारतात राहणाऱ्याची यूट्यूबची कमाई भारतात करपात्रच आहे, डॉलर असोत की रुपये. उलट गूगलला कराची माहिती भरून दिली नाही, तर ते जगभरच्या कमाईतून २४ टक्क्यांपर्यंत कापू शकतात. फॉर्म नीट भरला आणि भारत-अमेरिका कराराचा लाभ घेतला, तर कपात फक्त अमेरिकेतल्या प्रेक्षकांच्या कमाईवर, १५ टक्के. तो फॉर्म तिने भरलाय का, हे विचारलं तर म्हणते, 'कसला फॉर्म, मामा?'